आवाज बंद करून बघणाऱ्या बेबीताई

बेबीताई घरत यांनी मला बघायला शिकवलं. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण पुढं जे सांगायचंय त्यात त्यांना जे दिसलं नाही तेच मोठं होऊन बसेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल ही बाई कुणाची तरी चूक सांगायला बसलीय. तसं नाही. पनवेलमध्ये आज मी लग्नांचं, हळदीच्या गाण्यांचं मिक्सिंग करते, खुर्चीला पाठ टेकून बसते, फोनवर अनोळखी माणसाशी न अडखळता बोलते, ते सगळं त्यांच्यामुळं.

मिक्सिंग म्हणजे एडिटिंग. नवी पोरं 'एडिट' म्हणतात. पण लग्नाच्या कॅसेटी निघायच्या तेव्हापासून आमच्या धंद्यात हाच शब्द आहे, आणि बेबीताईंना तर पनवेलपासून उरणपर्यंत अर्धे लोक 'मिक्सिंगवाल्या ताई' म्हणूनच ओळखायचे. आगरी-कोळी गाण्यांचे व्हिडिओ त्या करायच्या. मांडवात, खाडीवर, होडीत चित्रीकरण व्हायचं, त्याचे तुकडे त्यांच्याकडं यायचे आणि त्यांच्याकडून अख्खं गाणं होऊन लोकांच्या मोबाईलवर जायचं. दुकान उरण नाक्याच्या मागच्या गल्लीत, स्वतःच्याच घराच्या खालच्या खोलीत. वर त्या, त्यांचे मिस्टर आणि सासूबाई राहायच्या. सासूबाईंना सगळे 'आये' म्हणत.

मी हिंगोलीकडची. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला पल्याडच्या गावी जायला लागले आणि वर्ष संपायच्या आतच सुटली ती सुटलीच. बहिणीचा नवरा कळंबोलीला ट्रेलर चालवतो. तिच्या बाळंतपणासाठी म्हणून इकडं आले आणि राहिले. ओवे गावात आमची भाड्याची खोली. मी तेव्हा दारावरची बेल वाजली तरी दचकायचे. इकडची बोली कळायची नाही, आणि माझ्या बोलण्याला दुकानदार हसायचे, म्हणून सामान आणायला जाताना काय बोलायचं ते वाटेत पाठ करत जायचे. घरमालकीण बेबीताईंची मावसबहीण. एक दिवस म्हणाली, "दिवसभर भिंती कसल्या बघतेस गो? माज्या बहिनीला एक माणूस पायजे, जा." काम काय ते सांगितलं नाही. मला वाटलं, झाडलोट असेल.

पहिल्या दिवशी गेले तर एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई मांडीवर परात घेऊन मोड आलेले वाल सोलत बसलेली. समोर मोठा स्क्रीन. स्क्रीनवर पोरी नाचतायत, कुणी हळद उडवतंय, आणि आवाज काहीच नाही.

"वाल सोलता येतात?" हा मला विचारलेला पहिला प्रश्न.

आमच्याकडं वाल सोलत नाहीत. मी म्हणाले, "शिकते."

"शिक. सोल, आनि समोर बघ."

मी सोलायला लागले. गाणं संपेपर्यंत त्या स्क्रीनकडं बघतच नव्हत्या, माझ्या हातांकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुजा हात मधीमधी थांबला. कुटं थांबला?"

पहिल्याच दिवशी कामचुकारपणा पकडला गेला. मी म्हणाले, "चुकलं ताई."

"अगो, चुकला काय? कुटं थांबला ते सांग."

"ती म्हातारी हळद कालवताना हसली ना, तिथं. आणि... एक माणूस मांडवाच्या खांबाला टेकून एकटाच उभा होता, तिथं."

"आनि तो हिरो मोटरसायकलवरून येतो तवा?"

"तेव्हा सोलत होते."

बेबीताई इतक्या हसल्या की परातीतले वाल उडाले. दाराबाहेरच्या मिस्टरांकडं तोंड करून ओरडल्या, "ओ कॅमेरामन! ऐकलात का? तुमच्या हिरोला ही पोरगी इचारत पन नाय!"

तो झाला माझा इंटरव्ह्यू. शाळा किती, हे त्यांनी त्या दिवशीही विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही.

वाल सोलणं हे त्यांचं मोजमाप होतं. घरात रोज बिरडं, म्हणजे वालाची उसळ, व्हायचं असं नाही, पण व्हिडिओ तपासायचा असला की सकाळीच वाल भिजलेले, मोड आलेले तयार. "माणसाला इचारला, कसा वाटला, तर तो शहाना होतो. कायतरी चांगला बोलायला बघतो," त्या म्हणायच्या. "हाताला इचार. नजर अडकली का हात आपोआप थांबतो. कंटाला आला का हात भराभर चालतो." गल्लीतली कुणी बाई सहज आली तरी तिच्या मांडीवर मूठभर वाल पडायचे. तिला वाटायचं गप्पा मारायला बसवलंय. जिथं जिथं बायकांचे हात थांबायचे तो शॉट राहायचा, जिथं सालं भराभर पडायची तिथं बेबीताई मला म्हणायच्या, "हलका कर इथं."

आणि आवाज कायम बंद. "गाना मोठा लबाड असतो बाय. वाजायला लागला का भिकार शॉट पन गोड वाटतो. पयला त्याचा तोंड बंद कर, मंग बघ काय उरतंय." गाण्याच्या व्हिडिओत तसा कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज कुणालाच लागत नाही. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं; चित्रीकरणाच्या जागी ते स्पीकरवर लावून पोरं नाचतात, आणि कॅमेऱ्यात जो गलका भरला जातो तो फेकून द्यायचा असतो. बेबीताई तर क्लिपा मशीनवर घेतानाच आवाजाची पट्टी काढून टाकायच्या. ती उघडून ऐकल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. आधी चित्र चालायला शिकवायचं, मग त्यावर गाणं बसवायचं, ही त्यांची रीत.

माझ्यासारख्या घाबरट मुलीला ही रीत फार बरी पडली. आवाज नसला की कुणी आपल्यावर ओरडत नाही असं वाटायचं. मी तासन् तास बघत बसायचे. एक शॉट जास्त का टिकतो, दुसरा लवकर का शिळा होतो, हे हळूहळू दिसायला लागलं. नवखेपणात मी ढोलकीच्या दर ठोक्याला कापायचे, तर त्या मागून म्हणायच्या, "वांगी चिरतेस का गो? बघनाऱ्याची नजर आत्ता कुटं उंबऱ्यात आली. चपला काढू दे तिला, मंग आत घे." प्रत्येक गायकाला सुरुवातीला आकाशातून गाव दाखवायचं असायचं. बेबीताईंना ते अजिबात खपायचं नाही. "ती घारीची नजर. घारीला हलदीचा आवतन कोनी दिला?" आणि स्लो मोशनबद्दल, "तूप हाय ते. भातावर घाल. ताकात कशाला वततेस?" रंग जास्त भडक झाला की चष्मा वर करून बघायच्या: "नवरीला हलद लावली का कावील झाली तिला?"

एकदा एक गायक आला. गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर दुकानातसुद्धा काळा गॉगल. व्हिडिओ बघून म्हणाला, "ताई, माजे शॉट कमी हायेत."

"किती पायजेत?"

"सगलीकडं थोडा थोडा टाका ना."

बेबीताईंनी वाल सोलता सोलता विचारलं, "बाला, हलद कोनाची हाय? नवरीची का तुजी?"

"नवरीची, पन गाना माजा हाय ना ताई."

"मंग गान्यात तू हायेसच की. कानात बसलास तेवढा पुरे. डोल्यात तिला बसू दे." मग जरा मऊ होऊन, "गॉगल काढ बगू. डोले चांगले हायेत तुजे. काढून आलास तर एक वाढवते." तो बिचारा पुन्हा चित्रीकरणाला गॉगल न घालता गेला. लोकांना तोच शॉट आवडला.

घरी एकदा माझ्यावरही बाका प्रसंग आला होता. दाजींनी गावाकडं एक स्थळ बघितलं आणि मला परत धाडायचं ठरवलं. मी नुसती दुकानात येऊन चुकीच्या जागी कापत बसले. बेबीताईंनी विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या आणि त्यांचे मिस्टर रिक्षानं ओव्याला आले, दाजींनी केलेला चहा प्याल्या आणि म्हणाल्या, "पोरीचा लगीन करायचाच हाय, नाय कोन म्हनतंय? पन तिची नजर आत्ता तयार होतेय. आत्ता उचललीत तर अर्धा शिजलेला भात होईल." दाजींना काय कळलं कोण जाणे, पण स्थळ मागं पडलं. नंतर मी माझ्या मनानं लग्न केलं, ते पुढचं.

आता त्यांच्या मिस्टरांबद्दल.

बेबीताई नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. त्यांच्या पिढीत नाही घेत. त्या त्यांना 'कॅमेरामन' म्हणायच्या आणि ते त्यांना 'मिक्सिंग'. "मिक्सिंगला इचारा, मी नुसता हमाल हाय," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. उंच, काटक, लाजरा माणूस. आम्ही भाऊ म्हणायचो. बेबीताईंच्या तोंडून न निघणारं त्यांचं नाव मी फक्त व्हिडिओच्या शेवटी वाचलं: 'छायाचित्रण: हरिश्चंद्र घरत'. ते त्या स्वतः टाईप करायच्या, दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत.

भाऊंनी आयुष्यभर लग्नं शूट केलेली. लग्नात क्षण चुकला की चुकला, अंतरपाट पुन्हा कोण धरतो? त्यामुळं त्यांच्या हाताला घाई. नवऱ्यावरून नवरीवर कॅमेरा असा झपकन जायचा की बघताना मान दुखायची. त्यावरून रोज भांडण. "तिकडं जायला काय एसटी चुकनार होती तुमची?" बेबीताई स्क्रीनसमोरून ओरडायच्या. भाऊ दारातून म्हणायचे, "तू बसून बघतंस, मना पलायचा असतो." 'मना' म्हणजे मला. "कोन सांगते पलायला? नवरी पलून चाललीय का?" आये वरून हाक मारायची, "अरे, भांडता का सनिमा बघता?"

आणि मग एका हंगामात भाऊंचा हात बदलला.

कॅमेरा सावकाश वळायला लागला. हळद लावणाऱ्या हातांवरून नवरीच्या चेहऱ्याकडं जायला इतका वेळ घ्यायचा की बघणाऱ्याला वाटावं आपणच जवळ जातोय. नाच संपला तरी शॉट संपायचा नाही. रिकाम्या मांडवावर, ओल्या पावलांवर, कडेला ठेवलेल्या परातीवर नजर टेकून राहायची. पूर्वी उभ्यानं घेतलेले शॉट आता बसून, खालून घेतलेले असायचे. नवरी त्यात उंच, देवीसारखी दिसायची. आमचे हात वाल सोलायचे विसरायला लागले. बेबीताईंचा आनंद गगनात मावेना. एक शॉट त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. मग चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाल्या, "बग गो. आत्ता त्याला थांबता आला."

त्या हंगामातल्या गाण्यांचं नाव झालं. खारघरच्या कॉलेजातल्या दोन मुली आगरी गाण्यांवर प्रोजेक्ट करत होत्या, त्या आल्या. गोड होत्या, आमच्यासोबत वाल सोलायला बसल्या. बेबीताईंनी त्यांना भाऊंचे शॉट आवाज बंद करून दाखवले. "हे बघा. इथं हलदीचा हात थांबलाय, पन कॅमेरा लगेच सुटत नाय. थांबलाय. मंग हलूच उठतो. हा जो थांबतो ना, तिथं गाना श्वास घेतो." मुली लिहून घेत होत्या. एक म्हणाली, "काका, हे तुम्ही ठरवून करता का?"

भाऊ पायरीवर बसले होते. डावा दंड चोळत हसले. "नाय गो. हात आता जड झालाय."

बेबीताई लगेच म्हणाल्या, "जड हातच चांगला. असाच ठेवा. हलका नका करू पुन्हा."

भाऊंनी त्यांच्याकडं असं बघितलं की मी मान वळवली. संसारातल्या इतक्या भांडणांनंतर त्यांना शाबासकी मिळत होती. ते खूश होते. खरंच खूश होते.

उरणजवळच्या मोऱ्याच्या एका कोळणीच्या मुलीचं, प्रणालीचं, गायिका म्हणून ते पहिलंच गाणं. हळदीचंच. तिच्या आत्याच्या अंगणात मांडव घालून दुपारी चित्रीकरण चालू होतं. मी दुकानात होते. तिथं काय घडलं ते मी नंतर कॅमेऱ्यातच पाहिलं. नाच रंगात आलाय, कॅमेरा पोरींच्या चेहऱ्यांवर आहे, आणि मग चित्र हळूहळू खाली येतं. पडत नाही. झोपलेलं पोर खाली ठेवावं तसा कॅमेरा जमिनीवर ठेवला जातो आणि चालूच राहतो. हळदीच्या पाण्यानं ओली झालेली जमीन, पैंजणं, नाचणारे पाय. गाणं जोरात असल्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही. गाणं संपलं तेव्हा लोकांनी बघितलं की भाऊ खांबाला टेकून बसलेत आणि उठत नाहीत.

आयेनं सांगितलं, वर्षभर घरात गाणं वाजणार नाही. घरात तसा रिवाजच होता. दुकान घराखालीच, म्हणून तेही बंद. तेराव्यानंतर प्रणाली आईला घेऊन आली. उठताना म्हणाली, "ताई, गाण्याचं राहू दे. मी काय घाईत नाय."

"राहू दे कशाला?" बेबीताई म्हणाल्या. "त्याचा शेवटचा काम हाय. ते दुसऱ्या कोनाच्या हातात मी देनार नाय. वरीस सरायच्या आत करून देईन."

त्या बोलल्या आणि मला बरं वाटलं. वाटलं, हे काम त्यांना धरून ठेवील.

रोज दुपारी आये झोपली की आम्ही खाली बसायचो. क्लिपा लावायचो. त्या बघायच्या, मांडीवर परात नसायची. काहीच कापलं जाईना. बेबीताई एकाच क्लिपवर येऊन अडायच्या. त्यात काही नव्हतं: हळदीची परात, तिच्या काठावर बसलेली माशी, बस्स. शॉट लांबच लांब.

"हे काय बघत होता तो?" त्या परत परत म्हणायच्या. "इथं कायच नाय. एवढा वेल का थांबला?" मग एक दिवस म्हणाल्या, "कोन तरी बोलत असंल त्याच्याशी. आवाज उघड बगू ह्याचा."

मी कॅमेऱ्यातली मूळ क्लिप लावली, आणि घरात गाणं वाजायचं नव्हतं म्हणून हेडफोन दिले. त्यांनी कानाला लावले. मला फक्त परात दिसत होती आणि त्यांचा चेहरा. आधी त्यांच्या भुवया आक्रसल्या, जणू नीट ऐकू येत नाही. मग त्यांचा हात पुढं झाला आणि स्क्रीनवरच्या परातीवर टेकला. मी विचारलं, "काय झालं ताई?" त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाशी धरला.

श्वास होता. मशीनला अगदी लागून, तुटका, घरघरणारा. माणूस जिना चढून आल्यावर घेतो तसा, पण संपतच नव्हता. मग लांबून कुणाचा तरी आवाज, "भाऊ, झाला का?" आणि अगदी जवळून भाऊ, धापा टाकत: "होतंय, होतंय. जरा... फ्रेम बघतो."

त्यानंतर बेबीताईंनी मला कपाटातून त्या हंगामाच्या सगळ्या मूळ, आवाजासकट ठेवलेल्या क्लिपा काढायला लावल्या. रिकामा मांडव. ओली पावलं. खालून घेतलेली नवरी. ज्या शॉटवर त्या कॉलेजच्या मुलींसमोर बोलल्या होत्या तो. प्रत्येक ठिकाणी नाचाचा गलका ओसरला की मागून तोच श्वास. हात सावकाश वळत होता, कारण दम लागत होता. खाली बसून शूट करत होते, कारण उभं राहवत नव्हतं. नाच संपल्यावर कॅमेरा लगेच उतरत नव्हता, कारण तो उतरवायलाही जोर लागतो.

मी म्हणाले, "ताई, तुम्हाला कसं कळणार?"

"मनाच कलायला पायजे होता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "दुसऱ्या कोनाला? त्याचे शॉट माज्याएवढे जगात कोनी बघितलेत?" मग म्हणाल्या, "मी म्हटला, असाच हात ठेवा. मंग तो कसा सांगेल? पयल्यांदा शाबासकी दिलेली मी त्याला."

दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी वर गेले तर म्हणाल्या, "तू कर. मी बघनार नाय."

ज्या कामासाठी त्यांनी शब्द दिला होता, ते असं माझ्याकडं आलं. मी ते केलं. आवाज बंद करून नाही केलं, ते मला आता जमणार नव्हतं. हेडफोन लावून, भाऊंचा श्वास ऐकत केलं. ते जिथं दम घ्यायला थांबले तिथं मी थांबू दिलं. फक्त तो शेवटचा शॉट, कॅमेरा खाली ठेवतानाचा, त्याचं काय करायचं ते ठरवायचा हक्क माझा नव्हता. मी पुन्हा वर गेले. बेबीताई आणि आये तांदूळ निवडत होत्या.

"ताई, तो शेवटचा शॉट..."

आयेनं मान वर केली. "कोनता शॉट गो?"

बेबीताई तांदळाकडं बघतच म्हणाल्या, "काय नाय आये. त्यानं कॅमेरा खाली ठेवला, तो."

"मंग चांगला केलान," आये म्हणाली. "पोरगा किती वरसां उचलून होता."

सुपातले तांदूळ तेवढे सरकले. मग बेबीताई म्हणाल्या, "घे तो. पन कापू नको. जेवढा हाय तेवढा."

तसंच ठेवलं. प्रणालीचं गाणं त्या शॉटवर संपतं: चित्र हळूच जमिनीला टेकतं आणि पाय नाचत राहतात. शेवटी मी भाऊंचं नाव टाईप केलं. माझ्या हातून ते पहिल्यांदाच होत होतं. गाणं चाललं. या भागात आता हळद असेल तिथं ते वाजतं. खाली लोक लिहितात, काय अँगल आहे, कॅमेरामनला सलाम. त्यांचंही चूक नाही. त्या कॉलेजच्या मुलींनीही कळवलं की त्यांनी तो शॉट वर्गात दाखवला. मी 'थँक यू' लिहिलं. आणखी काय लिहिणार?

वर्ष झालं. विधी झाले. बेबीताईंनी तो व्हिडिओ पाहिलेला नाही. गाणं कानावर पडतं, ते कोण टाळणार? शेजारच्या मांडवातूनही येतं. त्या ऐकतात, काम करत राहतात. पण मोबाईल कुणी पुढं केला की मान फिरवतात. मशीन मला देऊन टाकलं. "चालव," एवढंच म्हणाल्या. पुढं आयेही वारली, तेव्हापासून त्या बहुतेक मोऱ्याला धाकट्या बहिणीकडंच असतात.

मागं एकदा त्यांना भेटायला म्हणून मोऱ्याला गेले होते. भाऊच्या धक्क्याकडं जाणारी लाँच लागलेली. जेट्टीवर एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं, आणि एक भला थोरला कॅमेरामन कॅमेरा सांभाळत त्यांच्यापुढं उलटा उलटा चालत होता. ऊन होतं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. कडेला मासळी निवडणाऱ्या बायकांत बेबीताई बसलेल्या मला दिसल्या. मी हाक मारणार तेवढ्यात त्या उठल्या आणि सरळ जाऊन त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मावशी, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय," तो वैतागून म्हणाला.

"येऊ दे. तू बस आधी."

"अहो, लाइट जातोय मावशी!"

"जाऊ दे. उद्या पुन्हा येतो तो. दम किती लागलाय तुला, कान हायेत का नायत? बस. पानी पी."

नवरी हसायला लागली. नवरा म्हणाला, "बसा हो दादा, मावशी ऐकायच्या नाहीत." तो माणूस नाइलाजानं दगडावर टेकला. कुणीतरी बाटली दिली. बेबीताई त्याच्यासमोर पदर खोचून उभ्या राहिल्या, आणि तो पाणी पिऊन नेहमीसारखा श्वास घेईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मग बायकांत जाऊन बसल्या आणि पुन्हा मासळी निवडायला लागल्या. मी हाक मारली नाही. थोडा वेळ लांबूनच बघितलं आणि परत फिरले.

ताई, तुम्ही हे वाचाल की नाही मला माहीत नाही. पण लिहून ठेवते. एक दिवस मी मोऱ्याला येईन ती तो व्हिडिओ, कॅमेऱ्याच्या मूळ आवाजासकट, घेऊनच. तुम्ही "लाव" म्हणाल तेव्हाच लावीन, आधी नाही. तोवर दर वर्षी येईन, चहा पिईन, काही न बोलता परत जाईन. आणि ज्या दिवशी तुम्ही म्हणाल, त्या दिवशी तुमच्या शेजारी बसून, भाऊंचा श्वास तुमच्या एका कानात आणि माझ्या एका कानात घेऊन, शेवटच्या पावलापर्यंत तुमचा हात धरून राहीन. एवढं तरी मला तुमच्यासाठी करता आलं पाहिजे. करीन.